आकाशातून पृथ्वी : खालून वर कोण बघतं?

मागच्या वेळी आपण व्यक्तिचित्रांबद्दल बोललो, म्हणजे कॅमेरा माणसाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो तेव्हा काय घडतं त्याबद्दल. आज तोच कॅमेरा पाचशे-हजार फूट वर न्यायचा आहे.

ही चित्रं तुमच्यापैकी प्रत्येकाच्या फोनवर येऊन गेलेली असणार. हॉलंडमधले ट्यूलिपचे पट्टे, बार्सिलोनाचे चौकोन, दुबईच्या समुद्रातलं ताडाचं झाड, चीनमधल्या युन्नानची पाण्याने भरलेली भाताची खाचरं. खाली लिहिलेलं असतं, जगातली वरून दिसणारी अमुक इतकी अद्‌भुत दृश्यं. आपण ‘वा!’ म्हणतो आणि अंगठा पुढे सरकतो. या ‘वा’ला आमचा काही आक्षेप नाही. सुंदर गोष्टीला सुंदर म्हणायला लाजू नये. पण समीक्षेचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. अशा दहा चित्रांपैकी चांगलं कोणतं आणि नुसतंच देखणं कोणतं, हे ठरवायचं कसं?

या बाबतीत बोलण्याच्या दोन ठरलेल्या तऱ्हा आहेत. एक म्हणजे, वर गेलं की दृष्टी व्यापक होते, क्षुद्र भांडणं दिसेनाशी होतात वगैरे. दुसरी तऱ्हा विद्यापीठांतली. मिशेल द सर्तो या फ्रेंच विचारवंताने न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ११०व्या मजल्यावरून शहर बघण्याबद्दल एक प्रसिद्ध प्रकरण लिहिलं. वरून बघणाऱ्याला सगळं कळल्याचा भास होतो, पण शहर खरं घडतं ते खाली, चालणाऱ्यांच्या पायांनी, असा त्याचा मुद्दा. मुद्दा खराच आहे. मात्र त्याचा पुढे असा मंत्र झाला, की वरून घेतलेलं प्रत्येक चित्र म्हणजे सत्तेची नजर, संपला विषय. आम्हाला हे दोन्ही सोपे रस्ते वाटतात. दोन्हीकडे एकेक चित्र नीट बघायचं काम टळतं.

आम्ही आज एक वेगळी कसोटी सुचवणार आहोत, आणि ती आपल्या फार जवळची आहे. विमानं नव्हती तेव्हाही आपल्याकडे वरून पाहिलेलं होतं. शाकुंतलाचा सातवा अंक आठवा. दुष्यंत इंद्राकडून परत येतोय, मातली रथ हाकतोय, रथ खाली उतरतोय. कालिदास काय काय टिपतो बघा. डोंगर वर येताहेत आणि जमीन त्यांच्या शिखरांवरून खाली घसरत चालल्यासारखी वाटते. पानांच्या गर्दीत लपलेली झाडांची खोडं दिसू लागतात. बारीक झालेल्या, हरवलेल्या नद्या पुन्हा पाण्याने रुंद होतात. पुढच्या वेळी विमानाच्या खिडकीशी बसून उतराल तेव्हा पडताळून बघा. हा माणूस कधीही उडालेला नव्हता!

आणि मेघदूत. रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं, ते आपल्यापैकी बहुतेकांनी मानलेलं आहे. तिथून निघालेला मेघ विंध्याच्या पायथ्याशी खडकांत फुटलेली नर्मदा बघतो, ती हत्तीच्या अंगावर काढलेल्या नक्षीसारखी दिसते. हे अगदी आजच्या ड्रोनचं चित्र आहे. पण त्याच्या थोडं आधी एक श्लोक येतो, आमची कसोटी तिथे आहे. खेड्यातल्या बाया मान वर करून त्या मेघाकडे बघताहेत. नखरा त्यांना ठाऊक नाही. डोळ्यांत माया आहे, कारण शेतात पीक येणार की नाही ते या ढगावर ठरणार आहे. म्हणजे वरची नजर एकटी नाही. खालूनही कोणी बघतंय, आणि त्या बघण्यात त्यांचा जीव गुंतलेला आहे. तेव्हा आमचा प्रश्न एवढाच : या चित्रात खालून वर कोण बघतं?

इतिहास झटपट उरकू. १८५८ साली पॅरिसच्या नादार या छायाचित्रकाराने बलूनमधून पहिलं छायाचित्र काढलं, ते आज उपलब्ध नाही. १८६०चं जेम्स वॉलेस ब्लॅक याने काढलेलं बॉस्टनचं चित्र उरलं आहे. १९०६च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्को भूकंपाने आणि आगीने उद्‌ध्वस्त झालं, तेव्हा जॉर्ज लॉरेन्स याने पतंगांच्या माळेला वीस किलोहून जड कॅमेरा टांगून सुमारे दोन हजार फुटांवरून त्या शहराचं अवाढव्य चित्र घेतलं. (आपल्या संक्रांतीच्या पतंगांवर जाऊ नका, हे पतंग चांगले जंगी होते.) पुढे पहिलं महायुद्ध आलं आणि या कलेला खरी बरकत आली ती तिथे, शत्रूचे खंदक मोजण्यासाठी. हा वारसा विसरून चालत नाही, एवढंच नोंदवून पुढे जाऊ.

आता मुख्य पुस्तक. यान आर्त्युस-बेर्त्राँ या फ्रेंच छायाचित्रकाराचं ‘आकाशातून पृथ्वी’, १९९९. आज फोनवर येणारी बहुतेक चित्रं ही याच पुस्तकाची नातवंडं आहेत. लाखो प्रती खपल्या. २०००मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेच्या कुंपणावर ही चित्रं मोठी करून टांगली, तिकीट नाही, रात्रीही बघता यायची. हे आम्हाला मनापासून आवडतं. कलादालनाची पायरी चढायला बिचकणारा माणूस रस्त्याने जाता जाता चित्र बघतो, ही छोटी गोष्ट नाही. हेलिकॉप्टरचं इंधन जाळून पर्यावरणाचे धडे देतो, अशी टीका त्याच्यावर होते. ती आम्हाला फारशी महत्त्वाची वाटत नाही. तो हिशेब वेगळा. आपण चित्रं बघू.

त्याची पद्धत लक्षात घ्या. उन्हं तिरपी असतील अशी वेळ, म्हणजे सावल्या लांब पडतात आणि सपाट जमिनीला उठाव येतो. आणि बहुतेक चित्रांत क्षितिज कापून टाकलेलं. आकाश नाही, कड नाही, चौकट काठोकाठ भरलेली. क्षितिज गेलं की अंतराचा अंदाज जातो, आणि जमिनीचं कापड होतं. शेत असो, कुंभारांचा बाजार असो, कचऱ्याचा डोंगर असो, सगळ्याचा पैठणीचा पदर होतो.

मोरोक्कोमधल्या फेझ शहरातली रंगाऱ्यांची कुंडं घ्या. वरून बघितलं तर लहान मुलाची रंगपेटी उघडून ठेवावी तशी. त्या शहरातल्या चामड्याच्या कुंडांत चुना आणि कबुतरांची विष्ठा वापरतात, आणि माणसं मांडीपर्यंत आत उतरून पायांनी कातडी तुडवतात. शेजारच्या गच्चीवरून बघायला येणाऱ्या पर्यटकांच्या हातात पुदिन्याची काडी देतात, नाकाशी धरायला. म्हणजे गच्चीवर, तीन मजले वर, वास पोचतो. हेलिकॉप्टरपर्यंत पोचत नाही. तुम्ही म्हणाल, छायाचित्राला कुठे वास असतो? बरोबर. पण चांगला छायाचित्रकार नाक मुरडलेला एक चेहरा तरी शोधतो.

पुस्तकात चित्रांशेजारी मजकूर आहे. पाणी कमी होतंय, जंगलं जाताहेत, माती वाहून जातेय. सगळं गंभीर आणि आवश्यक. पण डोळे सुखावून झाल्यावर हा मजकूर येतो, तो पुरणपोळीनंतर काढा पाजावा तसा. चित्र म्हणतं जग किती सुंदर आहे, मजकूर म्हणतो जग संकटात आहे, आणि दोघांची गाठ कुठेच पडत नाही. आमचा या पुस्तकावरचा मुख्य आक्षेप हा आहे. संकट चित्राच्या आत यायला हवं होतं.

त्याचं सगळ्यांत गाजलेलं चित्र, ‘वोहचं हृदय’. न्यू कॅलेडोनिया हे प्रशांत महासागरातलं फ्रान्सच्या ताब्यातलं बेट, तिथली खारफुटी, आणि तिच्या मधोमध नेमका बदामाच्या आकाराचा मोकळा भाग. १९९०चं छायाचित्र. आतली जमीन थोडी उंच आणि खारट, मोठ्या भरतीलाच तिथे पाणी चढतं, म्हणून खारफुटी विरळ होते आणि रंग बदलतो. पत्त्यांतला बदाम! पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तो छापला आणि पृथ्वीने माणसाला पाठवलेलं प्रेमपत्र अशा थाटात तो जगभर गेला.

आता त्या बदामाच्या आजूबाजूला बघू. न्यू कॅलेडोनियाच्या मूळ रहिवाशांना कनाक म्हणतात. १९८०च्या दशकात तिथे स्वातंत्र्याच्या मागणीवरून रक्तपात झाला. १९८८मध्ये मातिन्योँ करार होऊन तो थांबला. छायाचित्र त्यानंतर दोनच वर्षांचं. वोह ज्या उत्तर प्रांतात आहे तिथे कनाकांची बहुसंख्या. आणि वोहच्या शेजारी कोनियाम्बो नावाचा डोंगर आहे, निकेलने भरलेला. हे निकेल कोणाचं, यावर १९९०च्या दशकातलं तिथलं सगळं राजकारण फिरत होतं. स्थानिक कनाक नेत्यांनी खाणीत वाटा मागितला, मिळवला, पुढे तिथे मोठा कारखाना उभा राहिला, आणि २०२४ मध्ये तो बंद पडला. हे सगळं एका छायाचित्रात मावावं अशी आमची अपेक्षा नाही. पण चित्र आपल्याला शेजारी बघण्याची इच्छा तरी देतं का? आमचं उत्तर आहे, नाही. बदाम दिसला की डोळा थांबतो. ओळखीची खूण सापडली, काम झालं. वरून काढलेल्या चित्रांची ही मोठी खोड आहे. हृदय, झाड, मासा, विमान असं काहीतरी ‘दिसलं’ की जागा संपते आणि आकार उरतो.

पण याच पुस्तकात आमच्या कसोटीला उतरणारंही एक चित्र आहे. कोत दिव्वारमधल्या आबिजान शहरातली गर्दी. रंगीबेरंगी कपडे, आणि सगळी माणसं मान वर करून बघताहेत, हात हलवताहेत. इथेही चौकट काठोकाठ भरलेली आहे, इथेही क्षितिज नाही. तरी कापड होत नाही, कारण तिथे शेकडो चेहरे आहेत आणि ते आपल्याकडे बघताहेत. वर एक यंत्र घरघरतंय, त्यात कोणीतरी बसलाय, हे त्यांना माहीत आहे. आपणही पकडले जातो. त्याच देशातलं दुसरं चित्र, कोरोगो भागातलं : कापसाच्या पांढऱ्या ढिगावर आडवा झालेला, झोपलेला कामगार. यवतमाळ-अकोल्याच्या जिनिंगच्या आवारात वाढलेल्यांना तो ढीग आणि ती दुपार लगेच ओळखू येईल. चित्र सुंदर आहे, आणि आम्हाला त्यात थोडं अवघडायला होतं. झोपलेल्या माणसाला वर बघता येत नाही.

शहरांकडे वळू. काही शहरं वरून बघण्यासाठीच काढलेली असतात. ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया. लुसियो कोस्ता याचा आराखडा १९५७मध्ये निवडला गेला आणि २१ एप्रिल १९६० रोजी शहराचं उद्‌घाटन झालं, एवढ्या झपाट्याने. वरून बघा, पंख पसरलेलं विमान. कोणी पक्षी म्हणतात. १९८७ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. डेन्मार्कचे नगररचनाकार यान गेल यांनी तर या शहराच्या नावाने एका रोगाचं नाव ठेवलं : वरून बघताना देखणं आणि डोळ्यांच्या उंचीवर, पायी चालताना रुक्ष, असं शहर रचण्याचा रोग.

पण गेल यांचं म्हणणं पुरतं घेतलं तरी हिशेब पुरा होत नाही. विमानाच्या चित्रात दोन गोष्टी दिसत नाहीत. एक वाईट, एक चांगली. वाईट ही, की शहर बांधायला आलेल्या मजुरांना, त्यांना तिकडे कांदांगो म्हणत, त्या विमानात जागा नव्हती. उद्‌घाटनाच्या आधीच, १९५८मध्ये, त्यांच्यासाठी तागुआतिंगा नावाची वस्ती दूर वसवावी लागली. छायाचित्राची चौकट नेहमी त्याच्या अलीकडे संपते. आणि चांगली गोष्ट ही, की राहण्याच्या इमारती सहा मजल्यांपर्यंतच आहेत, खांबांवर उचललेल्या आहेत, खालचा मजला मोकळा आणि भोवती दाट झाडी. म्हणजे इमारतीखालून कोणालाही आरपार जाता येतं, मुलं सावलीत खेळतात. वरून हे कळायची सोयच नाही. छप्पर दिसतं, छपराखालची मोकळी जागा दिसत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर आम्ही उंचीवरच राग धरून बसलोय असं वाटेल. १८५९च्या बार्सिलोनाच्या आराखड्यात सेर्दा याने प्रत्येक चौकोनाच्या पोटात बाग ठेवली होती. आजचं चित्र वरून घेतलं की एका नजरेत कळतं, बहुतेक बागा बांधकामांनी गिळल्या. रस्त्यावरून ते समजलं नसतं. आणि ओ. जी. एस. क्रॉफर्ड या इंग्रज पुरातत्त्वज्ञाचं काम तर थरारक आहे. जमिनीखाली जुना चर असेल तर तिथे ओल टिकते, पीक उंच वाढतं. खाली भिंत असेल तर खुरटतं. शेतात उभ्या माणसाला ते नुसतं पीक, वरून बघणाऱ्याला आराखडा. १९२१ साली ब्रिटिश वायुदलाने घेतलेल्या छायाचित्रांवरून क्रॉफर्डने स्टोनहेंजकडे जाणाऱ्या प्राचीन वाटेचा हरवलेला भाग ओळखला आणि १९२३ मध्ये खणून खात्री केली. हे ‘खणून’ महत्त्वाचं. त्याने चित्रावर विश्वास ठेवला आणि मग खाली उतरून फावडं हातात घेतलं.

आता विषमतेची चित्रं. ब्राझीलच्याच तुका व्हिएरा याचं २००४चं छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल. डावीकडे साओ पावलोमधली पाराइझोपोलिस ही झोपडपट्टी, विटांची दाटी. उजवीकडे आलिशान इमारत, तिच्या प्रत्येक सज्जात वेगळा पोहण्याचा तलाव, खाली टेनिसचं मैदान. मधे एक भिंत. या चित्राचं बळ त्याच्या कोनात आहे. ते सरळ वरून नाही, तिरकं आहे, त्यामुळे इमारतीची उंची कळते आणि भिंतीच्या दोन्ही बाजू एकाच वेळी डोळ्यांत येतात. सज्जात उभं राहिलं तर समोर काय दिसत असेल, हे आपोआप मनात येतं. खालून कोण वर बघत असेल, हेही.

त्यानंतर जॉनी मिलर. २०१६ पासून ड्रोनने दक्षिण आफ्रिकेतल्या वस्त्या टिपल्या, पुढे इतर देश, त्यात मुंबईही. २०१९मध्ये त्याचं जोहान्सबर्गचं चित्र टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आलं. तो बरेचदा कॅमेरा सरळ खाली रोखतो. दक्षिण आफ्रिकेत ते चपखल बसतं, कारण तिथली वर्णभेदाची रेषाच नकाशावर आखलेली होती : एक रस्ता, एक दलदल, एक मोकळा पट्टा, आणि दोन्हीकडे दोन जगं. ती आखणी वरून झाली, तिच्यावरचा आरोपही वरूनच शोभतो.

मुंबईत मात्र हीच रीत लंगडी पडते, असं आमचं मत आहे. धारावी वरून निळी दिसते. का, ते इथे बसलेल्या कोणालाही सांगायला नको. पावसाच्या आधी छपरावर ताडपत्री टाकतात. परदेशी प्रेक्षकाला तो निळा रंग मोहक वाटतो, आपल्याला तो गळकं छप्पर म्हणून कळतो. बरं, ताडपत्रीखाली काय आहे? पोटमाळा. खाली कुटुंब, वर शिलाईचं मशीन. किंवा खाली कारखाना, वर भाडेकरू. मधे लोखंडी शिडी. मुंबईतली निम्मी गोष्ट त्या शिडीवर घडते आणि सरळ वरून काढलेल्या चित्रात ती शिडी एका ठिपक्याएवढीही नसते.

हा नुसता सौंदर्यशास्त्राचा वाद नाही, बरं का. धारावीच्या पुनर्विकासाच्या नियमांत तळमजल्यावरचा रहिवासी आणि वरच्या मजल्यावरचा रहिवासी यांना वेगवेगळी वागणूक आहे. घर तिथेच मिळणार की बाहेर, फुकट की पैसे भरून, हे त्या शिडीवर अवलंबून आहे. वस्तीकडे बघायची आपली सवय जर छपरांची झाली, तर पोटमाळ्यावरचा माणूस आधी चित्रातून जातो. मग यादीतून जाणं सोपं होतं.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला सोफी रिस्तेलह्यूबेर. १९९१मध्ये युद्ध संपल्यावर ती कुवेतच्या वाळवंटात गेली आणि ७१ छायाचित्रांची मालिका केली. नाव ‘फे’, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘वस्तुस्थिती’ आणि ‘केलेलं’, दोन्ही. काही चित्रं विमानातून, काही जमिनीवर वाकून, आणि ती मुद्दाम मिसळलेली. हा मैलभर लांब खंदक आहे की बोटभर चरा, पटकन कळत नाही. टाके घातलेल्या जखमेसारखी जमीन. इथे माणूस एकही नाही, म्हणजे आमची कसोटी तशी लागू पडत नाही. तरी ही चित्रं आम्हाला आर्त्युस-बेर्त्राँच्या कितीतरी पुढची वाटतात. तिथे उंचीमुळे आपल्याला सगळं कळल्याचं सुख मिळतं. इथे आपण किती उंचीवर उभे आहोत तेच कळत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा बघावं लागतं. त्याच कुवेतवर वेर्नर हेर्त्सोगने हेलिकॉप्टरमधून जळत्या तेलविहिरी चित्रित करून १९९२मध्ये सिनेमा केला, तेव्हा बर्लिनच्या महोत्सवात प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, संकटाची शोभा केली म्हणून. आम्हाला तो सिनेमा आवडतो, पण हुर्यो उडवणाऱ्यांचंही म्हणणं समजतं. त्यावर प्रश्नोत्तरांत बोलू.

शेवटचं उदाहरण कलेतलं नाही, भूमी अभिलेख खात्यातलं आहे. आपल्याकडे शेताला सातबारा असतो, पण गावठाणातल्या घराला तो नसतो. फार तर ग्रामपंचायतीचा नमुना ८. कर्ज काढायचं तर बँक तो कागद पुरेसा मानत नाही. म्हणून ड्रोनने गावठाणं मोजायचं काम सुरू झालं. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात आधी प्रयोग झाला, पुढे एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व नावाने देशभर योजना आली. आता अडचण बघा. ड्रोनला छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. पागोळी पडते ती जागा कोणाची, दोन घरांमधली बोळ कोणाची, ओसरीपुढचं अंगण कुठे संपतं, हे आकाशातून कसं कळणार? भाऊबंदकीची निम्मी भांडणं तर त्या पागोळीचीच.

म्हणून ड्रोन उडायच्या आधी गावात चुन्याची फक्की मारतात. खात्याची माणसं, ग्रामसेवक, घरमालक आणि शेजारी, सगळे उभे राहून हद्द ठरवतात, आणि जमिनीवर पांढरी रेघ ओढली जाते. जिथे एकमत होत नाही तिथे आवाज चढतात, म्हातारीकोतारी साक्षीला येतात. मग सगळे बाजूला होतात आणि मान वर करून थांबतात. त्या छायाचित्रात रंगांची मौज नसते. पत्रे, कौलं, उकिरडा, गोठा, आणि मधून वाकड्यातिकड्या पांढऱ्या रेघा. आज आपण पाहिलेल्या चित्रांच्या शेजारी आम्ही असं एक चित्र पडद्यावर ठेवतो आहोत. ते दोन मिनिटं तसंच राहू दे. मग दिवे लावा, प्रश्न घेऊ.